सोनार सरांची निळी बाटली

सोनार सरांनी जन्मात एकही दागिना घडवला नाही. यवतमाळच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि सोन्याचे कण बनवत. कण इतके बारीक, की मुंगीच्या डोळ्यात त्यांची अख्खी वरात मावावी. तरी आर्णीच्या एक बाई तुटलेली नथ घेऊन प्रयोगशाळेत आल्याच. सरांनी ती सांधूनही दिली.

या कणांचं पाणी डाळिंबासारखं लाल दिसे. त्यावर पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा चिमुकला तुकडा, चिकटवायचा हा सरांचा ध्यास. "सोनं म्हंजे पोस्टमन बे, न पेप्टाइड म्हंजे पत्ता. तोंडाच्या कॅन्सरची पेशी बरोबर हुडकते," ते सांगत. हे ऐकणारा त्यांचा मदतनीस, म्हणजे मी, गालात तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटलेला खर्रा दाबून मान डोलवत असे.

दारातच सर आमच्या हातांचे तळवे तपासत. "एवढासा क्षार पडला तं कण एकमेकाले चिकटते, न पाणी निळं पडते." मी तळवे चकचकीत दाखवी. खर्र्याची पन्नी मोज्यात असे.

तीन वर्षं अर्ज लिहून पेप्टाइड आलं, ते चिमणीच्या शिंकेने उडावं एवढं. सरांना निवृत्तीला महिना उरलेला. सगळं पेप्टाइड त्यांनी लाल पाण्यात सोडलं आणि मला ढवळायचं चुंबक चिमट्याने टाकायला सांगितलं. चिमटा शोधायला चार पावलं चालावं लागलं असतं. मी नुकताच खर्रा घोटलेल्या बोटांनी चुंबक टाकलं. डोळ्यांदेखत पाणी जांभळं झालं, मग निळं.

सरांनी माझं बोट हुंगलं. चुना.

"ज्या रोगासाठी मरून राह्यलो, त्याचीच पुडी घेऊन आला तू," एवढंच म्हणाले. प्राचार्यांना मात्र त्यांनी पाणी खराब असल्याचं सांगितलं. दुसरं पेप्टाइड आलं नाही. निरोपाच्या दिवशी निळी बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "खाशीन तवा इच्याकडे पाह्य."

मी थोर माणूस. दोन महिने बाटलीवर रुमाल टाकून खाल्ला, मग सुटला. खर्र्याने माझा जबडा आखडला होता; धड तोंडात तीन बोटं उभी जातात. सरांचा दर महिन्याला फोन येई.

"तोंडात किती बोटं जाते बे?"

"दोन, सर."

वर्षभराने अडीच झाली. सर म्हणाले, "अर्धं बोट कोणाचं आणलं?"

सर गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. आता फोन येत नाही. तरी महिन्याच्या एक तारखेला मी बाटलीसमोर आ करून उभा राहतो. बायको म्हणते, डोकं फिरलं.

तीन जातात, सर.