मुलुंडची छत्री आणि माझा मीटर

टीव्हीच्या छत्र्या बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम मी सोळा वर्षं करतोय. डिश म्हटलं तरी चालतं, पण अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लोक छत्रीच म्हणतात. या कामात पक्कड, पाना लागतातच, पण खरा आधार सिग्नलच्या मीटरचा. हातात मावेल एवढा, वर छोटा पडदा, वरच्या टोकाला केबल अडकवायचं एक पितळी तोंड. छत्रीला जोडला की सिग्नल किती चांगला येतोय ते आकड्यात सांगतो. छत्री केसभर फिरवली तरी आकडा हलतो.

तो मीटर मी कसा वापरायचो, तर पक्कड वापरावी तसा. पावसात भिजला की शर्टाला पुसायचा आणि बॅगेत टाकायचा. बॅटरी उतरली की चार्जिंगला लावायचा. साफ करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

मुलुंडला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं राहायचं. काका शाळेत गणित शिकवायचे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. काकूंनी फोन करून सांगितलं, चित्र सारखं अडकतं. मी गेलो. छत्री बाल्कनीच्या कठड्याला होती. मीटर थेट छत्रीला लावला, तर आकडा वीसच्या वर जाईना, आणि जो दिसायचा तोही नाचायचा. मी छत्री डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फिरवली. तासभर. शेवटी मान वर केली तर समोर नवा टॉवर उभा राहत होता, वर क्रेन.

"काका, हा टॉवर आडवा येतोय," मी म्हणालो. "आता इथे छत्री चालणार नाही."

"दुसरीकडे लावली तर?" काकूंनी विचारलं.

"तुमच्याकडे उपग्रहाच्या बाजूची हीच एक जागा आहे ना, काकू."

काकांनी टीव्ही बंद केला. त्यांनी डाव्या हाताने रिमोट उशीजवळ ठेवला. मी येण्याआधी चित्र अडकत होतं. मी गेल्यावर तेही दिसेना, कारण छत्री मी होती त्या जागेवरून हलवली होती.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी बोरिवलीत एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर होतो. आजूबाजूला मोकळं आकाश. मीटर लावला, आकडा एकवीस. केबल बदलली, छत्रीच्या पुढचा सिग्नल पकडणारा डबाही बदलला. तेवीस. वैतागून मीटर तळहातावर आपटला, तर आकडा एकदम बहात्तर झाला आणि पुन्हा खाली आला. शेजारच्या इमारतीत माझा एक मित्र हेच काम करत होता. त्याला बोलावलं. त्याने स्वतःचा मीटर लावला. चौऱ्याहत्तर.

"तुझ्या मीटरची वाट लागलीये," तो म्हणाला. "कधीपासून?"

कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. पण मला मुलुंडची बाल्कनी आठवली.

मरोळला औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात असली यंत्रं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, साठीच्या पुढचे. त्यांनी मीटर हातात घेतला, भिंगातून तोंड पाहिलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. आत हिरवं साचलं होतं. मधला जो बारीक चिमटा केबलची तार पकडतो, तो फाकला होता.

"दिवसाला किती वेळा केबल लावतोस-काढतोस?"

"वीसएक वेळा."

"आणि साफ कधी करतोस?"

मी भिंग त्यांना परत दिलं.

"म्हणजे कधीच नाही," ते म्हणाले आणि मीटर उघडला. बॅटरीही फुगली होती.

त्यांनी तोंड बदललं, बॅटरी बदलली आणि काम करता करता मला चार गोष्टी सांगितल्या. तोंडावर एक छोटा जोड बसवून ठेव, केबल त्यालाच लाव. झिजायचा तर तो झिजेल, दोन-तीन महिन्यांनी तोच बदल. ओला मीटर बॅगेत कोंबू नकोस, आधी कोरडा होऊ दे. बॅटरी पार रिकामी करू नकोस. आणि आठवड्यातून एकदा, जिचा आकडा तुला पाठ आहे अशा छत्रीला लावून बघ. "रोज दुसऱ्यांच्या छत्र्या तपासतोस," ते म्हणाले, "मीटर कोण तपासणार?"

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. खरं तर मुलुंडला परत जायची माझी तयारी नव्हती. तिथे कोणी तक्रार केली नव्हती. टॉवर होताच, त्यांनी माझं ऐकलंही होतं.

"त्यांना काय सांगू?" मी विचारलं.

"जे मला सांगितलंस तेच," ती म्हणाली. "जा उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. काकूंनी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत पलंग नव्हता. टीव्हीच नाही तर बाहेर कशाला, म्हणून काकांना आतल्या खोलीत हलवलं होतं. तिथली खिडकी इमारतीच्या आतल्या चौकात उघडते, समोर पाइप.

"काकू, माझी चूक झाली," मी म्हणालो. "माझा मीटर बिघडला होता. टॉवरचा काही संबंध नव्हता."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आठवडा झाला हो."

मी बाल्कनीत गेलो. छत्री पुन्हा जागेवर आणली, आकडा सत्तरच्या वर गेला. म्हणजे छत्री पहिल्यापासून ठीक होती. मग घरात येणाऱ्या केबलचं टोक उघडलं तर आत पाणी. ते पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं. टोक कापून नवीन बसवलं, रबराचं टोपण घातलं. वीस मिनिटांचं काम.

पलंग परत बाहेर आणायला मी आणि शेजारचे एक गृहस्थ लागलो. काका त्यावर नीट टेकून बसले, टीव्ही लागला. एक जुना कसोटी सामना दाखवत होते. काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं. शब्द सावकाश येत होते.

"त्या बिल्डरला... रोज शिव्या देत होतो मी."

"माझ्यामुळे, काका."

"हं," ते म्हणाले. "आता... कोणाला देऊ?"

काकू स्वयंपाकघरातून हसल्या. मग चहा घेऊन आल्या आणि मी तो उभ्यानेच प्यायलो. काका सामना बघत होते, माझ्याकडे नाही.

आता दर सोमवारी कामाला निघायच्या आधी मी आमच्या चाळीच्या गच्चीवर जातो आणि घरच्या छत्रीला मीटर लावतो. बॅगेत दाताचा एक जुना ब्रश आणि कोरडं फडकं असतं. आणि आकडा कमी आला, की आकाशाकडे बघायच्या आधी मी केबल काढून मीटरचं तोंड बघतो.