एकोणीस नातेवाईक आणि एक सुई

माझी आई जानकीबाई हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. १९९५ साली माझा धाकटा भाऊ प्रशांत म्हसाच्या जत्रेला गेला तो परत आलाच नाही. बरोबर माझा नवरा केरू होता आणि वाटेत दोघांचं चारचौघांत भांडण झालेलं. पोलिसांनी केरूला तीन दिवस बसवून ठेवलं नि सोडलं. आईनं नाही सोडलं. "माझ्या पोराला तूच मारलास," म्हणाली, आणि माझ्या घरात पाऊल टाकायचं बंद केलं. केरू इतका मऊ की कोंबडी कापायची तर शेजाऱ्याला बोलावतो, आणि गावात खुनी ठरला. माझा जीव जळायचा.

अकरा वर्षांनी मुरबाडकडच्या एका पडक्या विहिरीतला गाळ काढताना माणसाची हाडं निघाली. पोलीस आले. हाडं प्रशांतची आहेत का ते डीएनएवरून कळेल, जवळच्या नातेवाइकांना शहापूरच्या दवाखान्यात आणा, म्हणाले. जुळलं तर केरू आत जाणार, हे सांगायला नको.

जवळचे म्हणजे किती जवळचे, हे कुणी विचारलंच नाही. आमच्यात एकाला बोलावलं नि दुसऱ्याला नाही, की जन्माचा रुसवा. टेम्पोत एकोणीस जण भरले. चुलते, मावश्या, मावश्यांच्या विहिणी, भाकऱ्यांचं गाठोडं. मला हसू आवरेना, पण केरूकडं बघवेना. केरू मागच्या फळीला धरून उभा.

डॉक्टर एकेकाला नातं विचारत होते.

"मी प्रशांतचा मानलेला भाऊ."

"मानलेलं रक्तात उतरत नाही हो. फक्त आई पाहिजे."

झालं! भावकीचा अपमान. थोरला चुलता बाही वर करून बसला. "आमचं रक्त काय पानी हाय? टोचल्याबिगर मी नाय उठनार." शेवटी डॉक्टरांनी त्याच्या बोटाला सुई लावून हिमोग्लोबिन तपासलं नि गोळ्या लिहून दिल्या. मग सगळ्यांनीच बोटं पुढं केली.

चार महिन्यांनी निरोप आला: जुळत नाही. म्हणजे पोर जिवंत असणार, म्हणत आई वस्तीभर पेढे वाटत सुटली. नापास झाल्याचे पेढे पहिल्यांदाच खातोय, लोक म्हणाले. केरूचा पेढा मात्र तिनं माझ्या हाती पाठवला. लाज वाटत होती, दुसरं काय! मला असा राग आला की मीच तो खाऊन टाकला.

पुढं तीच हाडं धसईच्या धोंडूबाईच्या रक्ताशी जुळली. तिच्या मुलाला मारणारा त्याचाच भागीदार निघाला, पकडलाही गेला. ते ऐकून आई खालीच बसली. "मी पेढे वाटले गो रत्नप्रभा, आनि तिचं पोर गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. केरूला म्हणाली, "धसईला येशील का माझ्यासंगं? एकटीला धीर नाय होत." केरू भरल्या ताटावरून उठला. मीही निघाले.

धोंडूबाईच्या अंगणात माणसंच माणसं. कुणीतरी विचारलं, तुमी कोन? आईनं केरूचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी जानकीबाई. ह्यो माझा जावई. ह्याला मी अकरा वर्सं खुनी म्हनत होते."

केरू तिथंच, त्या परक्या अंगणात, ढसाढसा रडला.