दुपारी दोनचा भूकंप

मंडळी, आज सकाळी आमच्या सास्तुरात मोबाईलवर एकच निरोप फिरला: दुपारी दोनला भूकंप होणार. त्र्याण्णवच्या भूकंपात दुधानं तोंड पोळलेलं गाव, ताकबी फुंकून पितंय. गल्लीनं लगेच बाजा लिंबाखाली काढल्या.

तेवढ्यात पुण्याहून लेकाचा फोन आला, लई दिवसांनी.

"आबा, घरात बसू नका!"

"अरं बाळा, भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत न्हाय. अफवा हाय ती."

"नक्की?"

"व्हय की."

"मग ठेवू? कामात हाय."

ठेवला. जेवलास का, एवढंबी विचारायचं राहिलं.

दोन वाजून गेले. तांब्यावरचं फुलपात्रसुद्धा हललं न्हाय.

खरं तर सांगायलाच पायजे, मंडळी. पण लेकाला आधी जेवलास का विचारून, मग जरा उशिरा सांगितलं तर चालतंय का?