पाच सुताचं पातं

खुर्चीत बसलं की काका लगेच साबण लावायचे नाहीत. आधी बोटांची मागची बाजू गालावरून फिरवायचे. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. तेवढा वेळ त्यांची नजर छताच्या पंख्यावर असायची. मग म्हणायचे, "गाल पाहून झाला. आता पातं पाहू."

भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचं एका खुर्चीचं दुकान. अख्खा बाजार वापरून फेकायच्या अर्ध्या ब्लेडवर गेला, तरी काका जुन्या वस्तऱ्यावरच राहिले. मात्र ज्याचा त्याचा वस्तरा वेगळा. भिंतीवर खिळ्यांची रांग, प्रत्येक खिळ्याला कापडी पिशवी, पिशवीवर गिऱ्हाइकाचं नाव. दाढीच्या आधी तो वस्तरा शेगडीवरच्या पितळी गंजातल्या उकळत्या पाण्यातून निघायचा. आपलं नाव त्या भिंतीवर लागणं म्हणजे गावात पत्ता मिळण्यासारखं होतं, आणि मी नवा बदलून आलेला मास्तर त्यासाठी फार उतावीळ होतो.

पात्याची रुंदी ते सुतारासारखी सुतात मोजत. आठ सुतांचा एक इंच. चार सुताचं पातं अरुंद, हलकं, नाकाखालीही सहज वळणारं. सहा सुताचं रुंद आणि वजनदार, राठ दाढीतून आपल्या भारानंच जाणारं. शेजारच्या भांड्यांच्या शेठचं पातं सहा सुताचं होतं. साहजिकच मलाही सहाच हवं होतं.

"मलेही सहाच द्या, काका," मी पहिल्याच दिवशी त्यांच्या बोलीत म्हणालो. मास्तरकीचा रुबाब होता ना.

त्यांनी माझा गाल पुन्हा एकदा पाहिला. "गुरुजी, शेठची दाढी म्हंजे कापल्या धानाची धसकटं. तुमचे तर आत्ताशी पऱ्हे हायेत जी. रोवणीले वेळ हाये." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं, रोवणी म्हणजे त्यांची लावणी. आणि माझ्या नावाच्या पिशवीत चार सुताचा वस्तरा गेला.

शेठ खो खो हसले. मला इतका राग आला की पुढचा महिना मी घरीच दाढी केली आणि हनुवटी तीनदा कापून घेतली. चौथ्यांदा मुकाट्याने त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्यांनी जखमांकडे पाहिलं, तुरटी लावली आणि एका शब्दानंही विचारलं नाही. खरं सांगतो, त्या दिवसापासून हा माणूस मला आवडायला लागला.

सात-आठ वर्षांनी एके सकाळी त्यांनी गालावरून बोटं फिरवली आणि जरा थांबले. ड्रॉवरमधून नवा वस्तरा काढला. "पाच सूत," ते म्हणाले. "पऱ्हे रोवणीले आले, गुरुजी." माझं पोरगं शाळेत पहिलं आलं तेव्हाही मी इतका हरखलो नव्हतो. जुना चार सुताचा वस्तरा त्यांनी तेल लावून ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यांचा स्वतःचा वस्तरा सहा सुताचा, वडिलांच्या हातचा. रोज दुकान उघडलं की आधी त्यानं स्वतःची दाढी, मग गिऱ्हाइकांची. न केलेल्या दाढीनं दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

मग गेल्या वर्षी, ऐन धानकापणीच्या दिवसांत, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंड सरळ झालं होतं, पायही उचलत होता, पण उजवा हात मांडीवर ठेवला तिथेच राहायचा.

मी भेटायला गेलो तर दारातच फट्ट असा आवाज आला. आत काका खाटेवर बसलेले, अंगभर साबणाचा फेस, डाव्या हातात सहा सुताचा वस्तरा आणि मांडीवर फुटलेल्या फुग्याची चिंधी. न्हाव्याचा हात असाच तयार होतो. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फोडता उतरवायचा.

काकू वैतागल्या होत्या. "रोज वीस फुगे फुटून राह्यले जी. शेजारी इचारतात, रोजच कोनाचा वाढदिवस हाये." मग मला बाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी म्हनते, दुकान सोडा आन् करडीले आमच्याकडं राहाले या. हे म्हनतात, होळीपर्यंत थांब. होळीपर्यंत हात नाही बसला तं दुकान जाते, गुरुजी. आन् दुकान गेलं तं हे काही राहात नाहीत."

मी आत आलो. तोवर त्यांनी दुसरा फुगा घेतला होता. ते रुंद, जड पातं त्यांच्या डाव्या मनगटाला झेपत नव्हतं, हे मला मास्तरलाही दिसत होतं. फुगा फुटला. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मी तापलो.

"काका, जिंदगीभर आमाले सांगितलं, गाल पाहून पातं घ्या. आता तुमी स्वतः हात न पाहताच पातं घेऊन बसले. काहून?"

त्यांनी फेस पुसला, वस्तरा मिटला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चहा न घेताच मी निघालो. आजारी माणसाला असं बोलतात का? दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "ह्यांनी बलावलं. दुकानात या म्हनतात. दाढी करून येऊ नका."

दुकान उघडं होतं. आरशाखालची फळी उजवीकडून डावीकडे आली होती, गंजात पाणी उकळत होतं. काकांची स्वतःची दाढी झालेली होती. वेडीवाकडी, हनुवटीवर कापसाचा बोळा, पण झालेली होती. फळीवर माझा जुना चार सुताचा वस्तरा होता.

"तुमचा गाल मले पाठ हाये," ते म्हणाले. "आज हात पाहून पातं घेतलं. बसा."

मी बसलो. भीती वाटली का? वाटली. गळ्यापाशी पातं आलं तेव्हा खुर्चीचे हात मी घट्ट धरले होते. त्यांचा श्वास माझ्या कानाशी जड झाला होता. दहा मिनिटांची दाढी पाऊण तास चालली. कानाखाली एकदा कापलं. त्यांनी तुरटी लावली, आणि या खेपेला मी एका शब्दानंही बोललो नाही.

शेवटी डाव्या हाताच्या बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून फिरली. "खरखर राहिली काय जी?"

"नाही," मी म्हणालो. जबड्याखाली थोडी राहिली होती. ती मी दोन दिवस कौतुकानं बाळगली.

होळीला दुकान उघडंच होतं. शेठ आधी कुरकुरले, मग बसले. करडीची मुलगी येऊन पाहून गेली आणि परत जाताना रुमालानं डोळे पुसत होती. स्वतःचा सहा सुताचा वस्तरा काकांनी आता खिळ्यावर टांगला आहे. दर सोमवारी त्याला तेल लागतं.

परवा मी खुर्चीत बसलो. बोटं गालावर फिरली, नजर पंख्यावर. मग त्यांनी फळीवरचा चार सुताचा वस्तरा बाजूला सारला आणि डावा हात लांबवून भिंतीवरची माझी पिशवी काढली. पाच सूत. वर्षभर मी ती तिथे नुसती पाहत होतो. मला बोलल्याशिवाय राहवेना.

"काका, पऱ्हे रोवणीले आले."

"बोलू नका, गुरुजी," ते म्हणाले. "पातं गालावर हाये."