बत्तीस लाडू

घरात डिंकाचे लाडू वळायला घेतले की मी बाहेर निघून जातो. परवा मुलगी बाळंत होऊन बाळासह घरी आली, आईने या वयात परात पुढे ओढली आणि मलाच गूळ चिरायला बसवले. जाता आले नाही, म्हणून लिहितो.

आईचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. आजी तान्ह्या लेकीला घेऊन गावातून शहरात, मंगळवार पेठेत आली आणि लोकांच्या वाकळा-गोधड्या शिवून जगली. नवरा मेला, हे तिने पचवले. तो उपाशी मेला की जेवून, हे कुणी सांगितले नाही, एवढेच ती शेवटपर्यंत बोलत राहिली. ते ऐकत ऐकतच आई टाके घालायला शिकली.

एकाहत्तरच्या लढाईत माझा धाकटा भाऊ सरहद्दीवर होता. आईने त्याच्यासाठी चाळीस लाडू केले. माझ्या पोरांना चवही दिली नाही. "लढाईवरच्याचं हाय, हात लावायचा न्हाई." डबा कापडात घालून वाकळीसारख्या बारीक टाक्यांनी शिवला आणि पोस्टात द्यायला माझ्या हाती दिला.

कारकुनाने काट्यावर ठेवला. "पावणं, चारशे ग्रॅम जास्त हाय. काढा की थोडं."

एक लाडू पन्नास ग्रॅमचा धरून मी शिवण उसवून आठ काढले. समोरच्या शिंप्याकडून सुई-दोरा घेतला आणि बोटभर लांबीचे टाके घालून डबा परत शिवला. काढलेले लाडू घरी न्यायला हवे होते. नेले नाहीत. माझ्यासाठी आईने असे लाडू कधी वळले नव्हते, ते मनात होते. दोन रस्त्यातच खाल्ले. सहा कचेरीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि रोज चहाबरोबर एक खाऊ लागलो.

भाऊ गेल्याची तार आली तेव्हा ड्रॉवरमध्ये एक शिल्लक होता. सुतक संपवून कामावर गेलो आणि तोही खाल्ला. टाकवला नाही.

दीड महिन्याने डबा परत आला. आईने आधी शिवण पाहिली.

"हे टाकं माझं न्हाईत."

मग तिने लाडू मोजले. पुन्हा मोजले. बत्तीस.

"आठ खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "उसवून खाल्लं, आणि उरल्यालं परत शिवून ठेवलं. टाकं बघ कसं घातल्यात गाढवानं. सुई कधी धरता आलीच न्हाई त्याला."

मी समोर उभा होतो. पार्सल टाकल्यापासून तार येईपर्यंतचे दिवस मोजले, तर डबा त्याच्यापर्यंत पोचलाच नसणार. आईने दिवस मोजले नाहीत. त्या दिवशी ती तार आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

लाडू खवट झाले होते. डबा उघडला की वास घरभर व्हायचा. बायको आईला म्हणाली, "आत्ती, टाकूया की आता."

"तुझ्या नाकाला येतोय वास. मला न्हाई येत."

रोज एक, असे बत्तीस दिवस तिने ते खाल्ले. मी शेजारी बसून जेवत होतो. मला किळस येत होती, पण लाडवांची नाही.

परवा पहिले लाडू वळून झाल्यावर ती मुलीच्या उशाशी बसून बाळाच्या टाळूला तेल लावत होती. "तुझा काका उपाशी न्हाई गेला, बाई. आठ लाडू खाऊन गेला. माझ्या आईला कळलं न्हाई, ते मला कळलं. कुठल्याबी आईला एवढं कळलं, तरी ती जगती."

मी चाकू खाली ठेवला. "आई, एक सांगायचं होतं."

"आधी खा." हात पुसून तिने परातीतला नुकताच वळलेला लाडू माझ्या हातावर ठेवला. "भावाच्या वाट्यातला हाय, त्याच्या नावानं काढल्याला."

मी खाल्ला. ती माझ्याकडे बघत होती.

"काय सांगत होतास?"

"डिंक चांगला फुललाय," मी म्हणालो.