आखाड्यावरचा मफलर

वडील सोमवारी सकाळी वारले. ते सत्त्याण्णव साल होतं. दहाव्याला मी डोकं आणि मिशी काढून नदीवरून परतलो, तेव्हा त्यांचा बोका माझ्या मनगटाला चावला.

तोवर घरातलं सगळं धुऊन झालं होतं. वाकळ, धोतरं, खाटेची नवार. जमीनही सारवलेली. बोका कणगीखाली शिरला आणि जो वाकेल त्याच्यावर गुरकावू लागला.

आईला वेगळाच संशय. "त्यांच्या उशाशी बसलं होतं हे. काही तरी शिरलंय त्याच्यात."

काका म्हणाले, "बाजाराच्या दिवशी पोत्यात घालतो अन् जीपनं कनेरगाव नाक्याला सोडून येतो. ढाब्यावरची हाडकं खाईल."

"मारू नका फक्त, काका."

"मी काहून मारू? हात तरी लावून राहिलो का त्याला?"

पण काका आत आले की बोका आधी दाराआडच्या काठीकडे बघायचा. ती काठी मी माळ्यावर टाकली.

मग मी कणगीपासून लांब, पुस्तक घेऊन बसू लागलो. त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, दूध ठेवून मागे सरकायचं.

आई म्हणाली, "परीक्षेला बसवतो व्हय त्याला?"

बोका दूध प्यायचा, पण नजर माझ्या हातावर. बोडकं डोकं, नवा सदरा, साबणाचा वास. त्याच्या ओळखीचं माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

वडिलांचा मफलर शेतातल्या आखाड्यावर, शेळ्यांच्या गोठ्यात, खुंटीला राहिला होता. तेवढाच धुण्यातून सुटला होता. गेलेल्या माणसाचं कापड घरात आणायचं नसतं, म्हणून पिशवीत लपवून आणला आणि मांडीवर घेऊन वाचत बसलो. त्याला शेळ्यांचा आणि तंबाखूचा वास होता.

बोका पुष्कळ वेळानं बाहेर आला. मफलर हुंगला, माझा गुडघा हुंगला, पुन्हा मफलर. मग त्यावर बसला. मी पान उलटलं नाही.

दारात आई उभी होती. तिनं मफलर ओळखला. आता फेकायला लावणार, असं मला वाटलं.

"धुऊ नको त्याला," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी काका पोतं घेऊन आले. आईनं ते मागून घेतलं आणि त्यात तूर भरली.

बोका पुढं बरीच वर्षं जगला. काकांजवळ मात्र तो कधीच गेला नाही, आणि मीही त्यांना त्या काठीबद्दल कधी काही विचारलं नाही.

आता बोका नाही, आई नाही. मफलर आहे. त्याला ट्रंकेचा वास येतो.