जीव घाबरते म्हणजे काय

दोन हजार तेवीस साल. मी तवा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — म्हातारीले नाही, पोराले नाही, अन् ज्याच्या जिवावर बेतलं त्या किसनाले तर नाहीच. तुमाले सांगतो. तुमी मले ओळखत नाही, तेच बरं. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं पाहून हे बाहेर निघत नाही.

मी शिकलो तिसरीपर्यंत. अक्षर माहं मुंगळ्यासारखं चालते, पण चालते. रिठदच्या शिवारात शेती, गावात शब्दाले वजन. आबाजी एकदा बोलले की बोलले, चुकलं तरी मागं घेत नाहीत — ही माही ख्याती, अन् तिचा मले लय अभिमान होता. होता कायले म्हणू? आहे.

तर आमच्या घरी नातसून आली, प्रणाली. माहेर सांगलीकडचं, नर्सिंग शिकलेली. नातू सुनील म्हणे, आबा, ती नोकरी करीन. मी म्हटलं, करू दे ना, बँकेत कर, शाळेत कर. लोकायच्या ओकाऱ्या पुसाले आपल्या घरची सून कायले? पोरगी समोर उभी राहून म्हणते कशी, "आबा, तुम्हाला ओकारी आली तर ती पण मीच पुसणार की!" अख्खं घर हसलं. मी नाही हसलो. म्हणजे हसलो, पण मिशीखाली दाबलं.

लागली ती रिसोडच्या एका दवाखान्यात. नव्या लागलेल्या नर्सायसाठी पयले सहा महिने मोबाइलवर शिकवणी असे, रोज संध्याकाळी सहाले. शिकवणाऱ्या कुंदा सिस्टर, तिकडं नाशिककडच्या, उभा जन्म वार्डात घालवलेल्या. कामावर रुळेपर्यंत या पोरींचा हात धराचा, हे त्यायचं काम. आमच्या घरात रेंज फक्त ओसरीच्या कोनाड्यात. तिथं तांब्याले टेकवून मोबाइल उभा करे प्रणाली. अन् कोनाड्याखाली माही बाज! म्हणजे शिकवणी माह्या उशाशीच. मी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेत जाओ. मधातच कूस बदलून एक डोया उघडाचा — पडद्यावर चौदा चौकटी, एकीत सिस्टर, बाकीत पोरी. कोणी केस विंचरून राह्यली, कोणी चहा पिऊन राह्यली, एकीच्या मागं तर म्हैस उभी.

कुंदा सिस्टर पयले एकच विचारत, "आज कोण रडलं?" एखादी हात वर करे. मग बाकीच्या तिले हसवत. त्याच्यानंतर परतेकीनं दिवसातली एक चूक सांगाची अन् एक जमलेली गोष्ट. काय एकेक चुका, भाऊ! आमच्याकडं संडासले जाणं म्हणजे झाड्याले जाणं. एका बुढ्यानं नर्सले सांगितलं, "बाई, रातच्यानं चार खेपा झाड्याले गेलतो." ती पोरगी बाहेरची. तिनं डॉक्टरले सांगितलं की आजोबा चार वेळा झाडावर चढले, हाडाचा एक्स-रे काढावा लागेल. मी धोतराचा सोगा तोंडात कोंबला, तरी बाज हालत होती.

पंधरा दिवसांत मले हात धुण्याची सारी रीत पाठ झाली. तळवा, बोटांची सांध, अंगठा, नखं. जेवाच्या आधी मी तसाच हात धुओ. म्हातारी म्हणे, "बुढ्याले काय झालं? पाण्याशी कुस्ती खेळून राह्यला." बीपीचा पट्टा बांधाचा सराव तर प्रणाली माह्याच दंडावर करे. मी नाक मुरडून हात पुढं करो. पण एखाद्या दिवशी तिनं नाही बांधला तर मीच बाही सारून बसलेला असो.

म्हणजे पाहा — मले ती आवडत होती. तिची शिकवणी आवडत होती. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं तुमाले बराबर मापता येईन.

एक दिवस पारावर किसना बसला होता. किसना माहा लहानपणचा दोस्त, जिभेले हाड नाही. चार लोकांत म्हणे, "काहून गा, तुही नातसून लोकायचं गू-मूत उचलते म्हणते? पाटलाच्या घरचा थाट वाढला लेका!" लोक हसले. मी हसलो नाही, अन् यावेळी मिशीखालीही नाही. तसाच घरी आलो.

त्याच संध्याकाळी प्रणाली वही घेऊन बाजेपाशी बसली. सिस्टरनंच तिले सांगितलं होतं की तिकडची बोली घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारत जा. म्हणे, "आबा, आज एक आजी म्हणत होत्या, 'जीव घाबरून राह्यला.' म्हणजे भीती वाटते का हो?"

आता तुमी आमच्या भागातले असाल तर तुमाले माहीत आहे. नसाल तर सांगतो. जीव घाबरते म्हणजे भेव नाही. जीव घाबरते म्हणजे छातीत कसंनुसं होते, दम कोंडते, घाम सुटते, आत काहीतरी बिघडलं. आमच्याकडचं शेंबडं पोरगंही हे जाणते.

मी म्हटलं, "हो. भेव वाटते. आमचे लोक सुईले भेतात. पाठीवरून हात फिरवाचा, दोन गोड शब्द बोलाचे, बस."

तिनं लिहून घेतलं. थँक यू आबा म्हणाली.

काहून केलं मी असं? वाटलं, दवाखान्यात लोक हसतीन तिले. हसले की ती कंटाळीन. कंटाळली की घरी बसन. अन् पुढचं काही मनात आलंच नाही, असं लिहिलं तर ते खोटं. आलं होतं. एखाद्या खऱ्या बिमाराचं काय, हे आलं होतं मनात. मी कूस बदलली.

आठ दिवस गेले. संध्याकाळी सहाले कोनाड्यात मोबाइल लागला. सिस्टरनं विचारलं, कोण रडलं? प्रणालीनं हात वर केला. मी भिंतीकडं तोंड करून आयकून राह्यलो होतो. ती म्हणाली, "आज माझी चूक मोठी आहे. आमच्या गावचे किसनआजोबा आले होते. जीव घाबरतोय म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले, घाबरू नका, घाबरू नका म्हणत. अर्धा तास गेला. मग त्यांचा सदरा ओला लागला हाताला, तेव्हा डॉक्टरांना हाक मारली. ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. अकोल्याला पाठवलंय. धोका टळलाय म्हणाले. डॉक्टर म्हणाले, उद्या लेखी खुलासा दे, मग तुला ठेवायचं की नाही ते बघू."

विंचरणारीची फणी केसातच राह्यली. म्हैसही हालली नाही.

सिस्टरनं विचारलं, "हा अर्थ तुला कोणी सांगितला होता?"

माह्या पाठीले डोये फुटले होते. ती माह्याकडं पाहून राह्यली का? मले आजही माहीत नाही. तिचा आवाज तेवढा आला, "माझंच ऐकण्यात चुकलं, सिस्टर."

सिस्टर म्हणाल्या, "घरी आबा आहेत ना तुझे? बोलाव त्यांना."

मी उठलो. टोपी सरळ केली. जिंदगीत पयल्यांदा त्या पडद्यासमोर बसलो. सिस्टरनं विचारलं, जीव घाबरते म्हणजे काय? मी सारं बराबर सांगितलं. छाती, दम, घाम, सारं. पोरींनी माना हालवल्या, भराभर लिहून घेतलं. मग सिस्टरनं विचारलं, "आणि हे तुम्ही हिला सांगितलं होतं, आबा?"

किती वेळ लागते खरं बोलाले? दोन शब्द लागतात. मी म्हटलं, "सांगितलं होतं. बराबर सांगितलं होतं. पोरीच्या आयकण्यात फरक पडला."

मोबाइल प्रणालीनं कोनाड्यापाशीच हातात धरला होता. ती म्हणाली, "हो, सिस्टर."

पुढचं सारं गोडच झालं. किसना महिनाभरात काठी टेकत पारावर आला अन् साऱ्या गावाले सांगत सुटला, "त्या पोरीनं हात धरून ठेवला म्हणून यमाले मले नेता नाही आलं!" तिच्या हातचा असल्याबिगर तो आमच्या घरी चहा पित नाही. नोकरी राह्यली. सिस्टरनं डॉक्टरशी बोलून शब्द टाकला. आता ती स्वतःच नव्या पोरींले समजावते. अन् मी? मी झालो मास्तर. तिसरी शिकलेला मास्तर! शनिवारी पंधरावी चौकट माही. पोरी विचारतात, आबा, हाडीताप म्हणजे काय? आबा, पोटात गोळा उठला म्हणजे? मी नक्कल करून दाखवतो, पोट धरून बाजेवर लोळतो, अन् चौदा चौकटी खदखदा हसतात. एकीनं आपल्या लेकराच्या बारशाचं आवतन धाडलं. इतका आनंद मले सोयाबीनच्या चांगल्या साली झाला नाही. तो आनंद खरा आहे. त्याच्या बुडाशी काय आहे, ते मी वर लिहिलं.

राह्यली त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सिस्टरनं मले, आबा उद्यापासून शब्द सांगायला बसा, म्हटलं होतं. शिकवणी संध्याकाळी सहाले, पण मी सकाळी सातलेच दाढी करून, इस्त्रीची टोपी घालून बाजेवर तयार. प्रणाली खुलाशाचा कागद घेऊन आली. मले वाचून दाखवला — इथल्या बोलीतला शब्द समजून घेण्यात माझी चूक झाली, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. "बरोबर आहे ना, आबा?" मी म्हटलं, बराबर आहे. तिनं कागद पिशवीत ठेवला, माह्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अन् म्हटलं, "नीट आयकत जाय, पोरी."